काकूंची चादर आणि ताडाच्या पट्ट्या

आठ वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका बंगल्याच्या जिन्याला मी दोन मजली काच लावली. तीही पश्चिमेकडे. नकाशात जिना हवेत तरंगल्यासारखा दिसायचा. पहिल्याच एप्रिलमध्ये घरातल्या काकूंचा फोन आला, "अगं, कठड्याला हात लावला की चटका बसतो." मी गेले तर काचेवर आतून जुनी चादर टांगलेली. मनाला फार लागली ती चादर. ऊन काचेतून सहज आत येतं, पण तापलेल्या भिंती-फरशीची उष्णता त्याच काचेतून तशी बाहेर पडत नाही.

शिवाय दिवसा बाहेरून काचेत समोरच्या इमारतीचं प्रतिबिंबच दिसायचं. रात्री दिवे लागले की मात्र जिन्यावरचं माणूस अख्ख्या रस्त्याला दिसायचं.

त्यानंतर मी 'पामायरा हाउस'चे नकाशे आणि फोटो पुन्हा काढून बसले. स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना संस्थेच्या बिजॉय जैन यांनी अलिबागच्या दक्षिणेला, नांदगावच्या माडांच्या वाडीत बांधलेलं हे घर २००७ साली पूर्ण झालं. समोरासमोर दोन लांबट दुमजली लाकडी खोके, मध्ये पोहण्याचा तलाव. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. आणि बाहेरून सगळीकडे ताडाच्या खोडाच्या आडव्या पट्ट्या. पामायरा म्हणजे आपला ताडच.

डोक्यावरचं ऊन पट्टीवर अडतं. जमिनीवरून उसळलेला मऊ उजेड आणि वारा फटीतून आत येतो. सावलीत बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेर उन्हात उभ्या असलेल्याला नुसत्या पट्ट्या. आजीच्या गुहागरच्या घरात खिडकीला अशाच झडपा होत्या. अंगणात कोण आलंय ते हाक यायच्या आधी तिला कळायचं.

ऐन तसं जड लाकूड. तरी ते घर हलकं वाटतं, कारण पट्टी, फट, पट्टी, फट असं चालू राहिलं की नजर कुठे अडत नाही, भिंतीचं ओझं डोळ्यावर येत नाही. हे मला काचेपेक्षा कितीतरी खरं वाटतं, निदान आपल्या उन्हात.

काकूंकडची काच काढायची ठरली. मजुरी मी दिली. सुतारमामांनी जागेवरच सागाच्या पट्ट्यांची एक पूर्ण मापाची चौकट करून पाहिली. फट ४५ मिमी ठेवली तर समोरच्या गॅलरीतून जिना दिसत होता. ३० केली तर आत काळोख. शेवटी ३५. पण संध्याकाळचं ऊन आडवं येतं, त्याला सपाट पट्टी पुरेना, म्हणून पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या केल्या. पावसालाही ते बरं. आणि उतार दिल्याबरोबर अंगणातला उजेड खालून वर चढून जिन्याच्या छताला लागला. मामा हातातली पट्टी तशीच धरून वर बघत राहिले.

पट्ट्यांवर धूळ बसते, दर आठवड्याला पुसावी लागते, हे काकू मला प्रत्येक भेटीत सांगतात. मागच्या मे महिन्यात गेले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.