साडेसातशे पायऱ्यांच्या अलीकडे

इजिप्तच्या सीनाय वाळवंटात, रात्री दीड वाजता सेंट कॅथरीन मठाजवळून चालायला लागलो. नगर-संगमनेरकडचे आम्ही चोवीस जण. पुढे बेदुइन, म्हणजे वाळवंटी अरब जमातीतला, वाटाड्या, सगळ्यांत मागे आई आणि मी. तिचं वय ६८. उंटवाले "कॅमल, कॅमल" करत मागे लागले, तेव्हा तिने पहिल्यालाच मराठीत सुनावलं, "चालायला आलेय, बसायला नाही." दरवर्षी आषाढात दारावरून दिंड्या जाताना पाहिलेली बाई ती. देवाकडे पायी जायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको.

जेबेल मूसा, म्हणजे मोशेचा डोंगर, २२८५ मीटर उंच. देवाने मोशेला दहा आज्ञा दिल्या तो बायबलमधला सीनाय डोंगर हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अंधारात पाय घसरतो तेव्हा तो वाद आठवत नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी बजावलं होतं, इस्राएलांसारखी कुरकुर करू नका. मोशेने मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून ज्यांना बाहेर काढलं, ते हे लोक. तासाभरात मी मनातल्या मनात सुरू झालो: थंडी, गुडघे, आईचा वेग. आणि त्या लोकांची बाजू पटायला लागली. पोरंबाळं घेऊन वाळवंटात आलेली, उपाशी माणसं मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवणारच. बायबलच्या गणना पुस्तकात पुढे शिक्षाही आहे, ते झाकत नाही; पण निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात त्यांच्या कुरकुरीवर संध्याकाळी खायला लावे आले, सकाळी मान्ना, म्हणजे आकाशातून आलेली भाकर.

संडे स्कूलमध्ये आम्ही दहा पीडा पाठ केल्या, दुभंगलेल्या समुद्राची चित्रं रंगवली. निर्गमच्या तेराव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापाशी मात्र कुणी थांबलं नाही. पलिष्ट्यांच्या मुलखातून जवळची वाट होती. देवाने त्यांना तिकडून नेलं नाही, कारण लढाई दिसली तर हे लोक माघारी मिसरात जातील. म्हणजे लांबची वाट ही शिक्षा नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबलेल्या माणसांना किती झेपेल, ते बघून आखलेली होती.

हे मला लागतं, कारण माझी दारू एका रात्रीत सुटली नाही. चर्चच्या मंडळीत साक्ष देणारे सांगतात, प्रार्थना केली आणि सकाळी वासही नको झाला. असेल. माझी तीन वर्षं गेली, त्यात चारदा मिसरात परतलो. बाप्तिस्मा झालेला, दर रविवारी पहिल्या बाकावर, आणि खिशात लवंगा. आपलं तारण खोटंच असावं, असं वाटायचं. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो, इस्राएलांच्या या गोष्टी आपल्याला उदाहरण म्हणून घडल्या. तो इशारा देतोय, हे खरं. पण मला त्यात ती लांबची वाटही दिसते.

साडेचारच्या सुमारास एलीया संदेष्ट्याच्या नावाच्या खोलगट जागेशी पोचलो. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला, मरण मागणारा एलीया होरेबावर, म्हणजे सीनायवरच, इथेच आला असं मानतात. रानात तो झोपला होता तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, ऊठ, खा, वाट तुला झेपणारी नाही म्हणाला.

इथून शिखरापर्यंत साडेसातशे दगडी पायऱ्या. आईने वर पाहिलं आणि खाली बसली.

"तू जा."

"नाही जात."

वरून आमच्या लोकांची भजनं ऐकू यायला लागली. पूर्वेकडचे डोंगर आधी राखाडी, मग तांबूस झाले. आईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या चपात्या काढल्या; कैरोतल्या हॉटेलातल्या नव्हे, नगरहून आणलेल्या, कडक झालेल्या. सोबत लसणाची चटणी. मिसरातली ज्याची ज्याची आठवण काढून इस्राएल लोक रडले, त्या यादीत लसूणही आहे, असं मी तिला सांगितलं.

"मग रडतीलच की," ती म्हणाली. "खा आता."

शेजारच्या झोपडीतल्या बेदुइन पोराने चहा आणून दिला. चटणी त्यालाही दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.