सड्यावरचा हत्ती

माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात उभ्या पाषाणांचं रिंगण होतं. नायिका अमावास्येला तिथे जाते, मंत्र म्हणते आणि दगड बोलू लागतात. अद्भुतकथेला साजेसं सगळं होतं, पण ते दगड मला परके वाटत होते. तसले पाषाण मी परदेशी पुस्तकांतच पाहिले होते. म्हणून राजापूर तालुक्यातल्या कशेळीला गेले, तिथल्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेलं, कातळशिल्प बघायला.

वाट दाखवायला गावातला एक तरुण आला होता. वाळक्या गवतातून चालता चालता तो थांबला. "ताई, चपला काढा. हत्ती आला."

मला हत्ती दिसेना. समोर जांभ्याचा काळपट कातळ आणि त्यात इकडेतिकडे गेलेले उथळ चर, एवढंच.

"असा उभ्याने नाय दिसायचा. पायापासून सुरू करा. चरात पाय नको, कडेकडेने चला."

मी चालू लागले. एक रेघ पायावरून वर चढली, पाठीवरून लांबवर गेली आणि सोंडेकडे उतरली. हा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. त्याच्या अंगातच पाण्यातले आणि जमिनीवरचे कितीतरी जीव कोरलेत. एका पाकट माशापाशी मी उकिडवी बसले. पावसाने झिजून चराची कड बोथट झाली होती. त्या मुलाने बाटलीतलं थोडं पाणी शेपटीच्या टोकाला सोडलं. ते चरातून सरकत पुढे गेलं, दोन बाजूंना फुटलं, आणि ओल्या काळ्या रेघेत पाकट अख्खं उमटलं.

तिथेच मला सुचायला लागलं. आज ड्रोनमधून हा हत्ती एका नजरेत मावतो. पण ज्याने तो खोदला, त्याला सपाट सड्यावर उभं राहून तो पुरता कधी दिसला असेल? एवढं मोठं चित्र त्याने डोक्यात धरलं आणि पावलांनी मोजलं असणार. ही शिल्पं दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोकणातल्या या चित्रांत आज इथे नसलेला गेंडाही आहे. शेती मात्र नाही. आमच्या मातीत एवढं असताना मी राक्षस कुठून कुठून गोळा करत होते!

दुपारनंतर देवाचे गोठणे हे गाव गाठलं. तिथे कातळात माणसाची आकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. मी सोबत नेलेलं होकायंत्र आकृतीजवळ ठेवलं आणि सुई खरंच भरकटली. कथेत मी हे लिहिलं असतं, तर कुणी म्हणालं असतं, जरा जास्तच होतंय.

आता ते प्रकरण नव्याने लिहिलंय. रिंगण गेलं, मंत्र गेला. नायिका अनवाणी रेघेच्या कडेने चालते आणि चाल पुरी झाली की तो प्राणी जागा होतो. मधेच थांबली, तर अर्धाच जागा होतो, आणि ते फार भयंकर असतं.

गावांची नावं मात्र मी खरीच ठेवणार आहे: कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी. 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तरी सड्याला लोक अजून पडीकच म्हणतात आणि जांभा दिसला की चिरेखाण सुचते. कादंबरी वाचून कुणी तिथे गेलंच, तर चपला काढून जावं.