मिशनहून लेक घरी येते, तेव्हा २८वं वचन विसरू नका

पौल आणि बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीहून अंत्युखियाला परतले, तेव्हा त्यांनी मंडळी, म्हणजे तिथले विश्वासणारे, जमवली आणि देवाने काय काय केलं ते सांगितलं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४, वचन २७. आपल्या मंडळ्यांना हे वचन पाठ असतं. लेकरू परदेशातल्या मिशनहून येतं आणि येत्या रविवारी त्याची साक्ष, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगणं, ठरलेली असते. पण २८वं वचन म्हणतं की ते दोघं मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. घरच्यांचं खरं काम त्या ‘बरेच दिवसां’मध्ये आहे.

विमानतळावर घरचे दोघं-तिघं पुरेत. पासपोर्ट तपासणी आणि बॅगा यात तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे विमान टेकल्यापासून फोन करत बसू नका. टीम एकत्र परतत असेल तर लेक दिसताच तिची बॅग उचलून गाडीकडे निघू नका. कित्येक आठवडे एकत्र राबलेली, एकत्र प्रार्थना केलेली ही माणसं तिथेच एकमेकांचा निरोप घेत असतात. तुमच्यासाठी ती भेटीची वेळ आहे, तिच्यासाठी भेट आणि ताटातूट दोन्ही. दहा-पंधरा मिनिटं बाजूला थांबा.

घरी आल्यावर बॅग पलंगावर उघडू देऊ नका. वसतिगृहात किंवा पाहुण्या घरांत राहून आलेल्या सामानातून ढेकूण येतात. धुता येणारे सगळे कपडे थेट ६० अंशांच्या पाण्यात टाका, किंवा ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा.

मग झोप. शरीराचं घड्याळ जुळायला साधारण एका टाइम झोनमागे एक दिवस धरा. पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर जास्तच त्रास होतो. दिवसा उजेडात थोडं चालणं, दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटोपणं आणि पहिले दोन-तीन दिवस गाडी न चालवणं एवढं सांभाळा. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, आणि मगच पुढच्या वाटेचं बोलणं निघालं. तो क्रम आपणही पाळावा.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि कोणत्या देशात राहून आलो ते आपणहून सांगायचं. फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया बहुधा महिन्याभरात उठतो आणि झपाट्याने जीवावर बेततो. व्हायव्हॅक्स आणि ओव्हाले या प्रकारांचे जंतू यकृतात दडून कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे घरी पोहोचल्यावर मलेरिया टाळण्याच्या गोळ्या बंद करणं. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन परतल्यावरही ४ आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस घ्यायची असते, कारण शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचे जंतू यकृतातून रक्तात यायला वेळ लागतो. तिकडे कुत्रा किंवा माकड चावलं होतं का, हेही विचारा. ‘जखम केव्हाच भरली’ म्हणून रेबीजची लस टाळायची नसते. जुलाब दोन आठवड्यांहून जास्त चालले तर शौचाची तपासणी करून घ्या.

आता बोलणं. ‘कशी झाली ट्रिप?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर येतं, कारण प्रश्न फार मोठा असतो. त्याऐवजी विचारा: सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं? तिथे कुणाची सर्वांत जास्त आठवण येते? काय जमलं नाही? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. टीममधली भांडणं, कुणीच न ऐकलेली सुवार्ता, आजाऱ्याजवळ बसूनही न आलेलं बरेपण, हे सगळं मंडळीसमोर सांगता येत नाही. ते सांगायला तिला घराइतकी दुसरी जागा नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुधा चिडचिड सुरू होते. घरातल्या वस्तू, खर्च, आपली उपासनाही तिला पोकळ वाटू लागते. हा तुमच्यावरचा आरोप मानू नका. परतणाऱ्याला स्वतःच्याच घरी दुसऱ्यांदा परकेपण येतं, हे १९६३ साली गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने मनाच्या चढउतारांच्या डब्ल्यू (W) आकाराच्या आलेखाने मांडलं होतं. प्रार्थना कोरडी झाली, असंही ती म्हणेल. तिकडे पहाटेची वेळ ठरलेली होती, सोबत माणसं होती. इथे दोन्ही नाही. यावर प्रवचन नको. तिच्यासोबत रोज एक ठरलेली वेळ बसा, पंधरा मिनिटं का होईना. मात्र भयानक स्वप्नं, माणसं टाळणं, जीव लागेनासा होणं महिन्याहून जास्त टिकलं, तर पाळकांबरोबर समुपदेशकाचीही मदत घ्या.

याच काळात ‘मी कायमची परत जाणार’ किंवा ‘तिथल्या एका कुटुंबाला दर महिन्याला पैसे पाठवणार’ अशी घोषणा होऊ शकते. लगेच हो किंवा नाही म्हणू नका. पैशाचं वचन टीमच्या प्रमुखाला विचारून तिथल्या मंडळीमार्फत पाळलेलं बरं; थेट मदतीने त्या कुटुंबाचे शेजाऱ्यांशी संबंध बिघडू शकतात.

साक्षीची तारीख परतल्यावर किमान दोन-तीन आठवड्यांनी घ्या, आणि ती तिलाच ठरवू द्या. सात मिनिटांत एक माणूस, एक घटना, एक प्रार्थनाविनंती एवढं नीट मावतं. फोटो दहा-बारा पुरेत. पालकांच्या संमतीशिवाय तिथल्या लहान मुलांचे चेहरे दाखवू नका. जिथे धर्मांतरावर बंदी आहे किंवा विश्वासणाऱ्यांचा छळ होतो, तिथल्या माणसांची नावं, गावं, उपासनेची जागा इंटरनेटवर अजिबात टाकू नका. तुमच्या आनंदाच्या एका पोस्टने तिकडे कुणाच्या दारावर पोलीस येऊ शकतात.

घरच्या प्रार्थनेत मात्र ती नावं जरूर घ्या. उच्चार तिला विचारा, कागदावर लिहून ठेवा, चुकलं तर तिला दुरुस्त करू द्या.