वो, वोहेर, वोहिन

पुण्यात माझ्या ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीच्या, वर्गात सध्या प्रश्नशब्द चालू आहेत, आणि मला ते मनापासून आवडलेत. वेअर म्हणजे कोण, वो म्हणजे कुठे. इंग्रजी डोक्यात असलं की नेमकी हीच जोडी उलटते, म्हणून मी सरळ मराठीचा हात धरलाय: वो कुठे, वोहेर कुठून, वोहिन कुणीकडे. वेअरचं वेन आणि वेम होतं, तसं आपल्या कोणचं कोणाला होतंच की!

खरी मेहनत क्रियापदाची. मराठीत ते शेवटी निवांत बसतं, जर्मनमध्ये प्रश्नशब्दाला लगेच चिकटतं: 'वो वोन्स्ट डू?', म्हणजे तू कुठे राहतेस? तोंडी परीक्षेत चिठ्ठीवरच्या शब्दावरून प्रश्न विचारायचा असतो. म्हणून भाजी निवडताना आईलाच विचारत असते. परवा 'वास कोस्टेट डास?', म्हणजे हे केवढ्याला, असं म्हटल्यावर तिने लगेच मेथीच्या जुडीचा भाव सांगितला.