डाक आवृत्तीतला कर्ता

त्या दिवशी पान एक दुपारी चारलाच भरल्यात जमा होतं. समलिंगी विवाहांना कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता. पाच न्यायमूर्ती, चार निकालपत्रं, म्हणजे लीडची, मुख्य बातमीची, चिंता मिटलेली. १७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार, तिसरी माळ. आतल्या पानावर वाचकांच्या लाल साड्यांतल्या फोटोंची गर्दी. इस्रायल-हमास युद्ध मात्र दहा दिवसांत पान एकवरून घसरून परदेशाच्या पानावर गेलं होतं. मेलेल्यांचा आकडा चढत जातो तसतसा हेडिंगचा पॉइंट, म्हणजे अक्षरांचा आकार, उतरत जातो, हे डेस्कवर नवीन नाही.

रात्रपाळीला पान एक माझ्याकडे, आणि सहकारी रजेवर म्हणून त्या आठवड्यात लेखांचं पानही. संध्याकाळी समोर एका निवृत्त प्राध्यापकांचा लेख होता. चौदाशे शब्द, जागा नऊशेची. मागणी एकच, की भारतीय विद्यापीठांनी इस्रायली विद्यापीठांशी सगळे संबंध तोडावेत. लेख चांगला होता, संतापलेल्या पण अभ्यास केलेल्या माणसाचा. दाखला दक्षिण आफ्रिकेचा. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढतच खेळली नाही, करंडक सोडून दिला. तेव्हा किंमत मोजली, मग आता का नाही, हा त्यांचा सवाल.

योगायोग म्हणजे मागे क्रीडावाल्यांच्या टीव्हीवर दक्षिण आफ्रिकाच होती. धरमशालेत नेदरलँड्सविरुद्ध, पावसाने ४३ षटकांवर आणलेला सामना. त्या संघाकडे पाहिलं की मला त्यांचा जुना फलंदाज बॅरी रिचर्ड्स आठवतो. १९७० साली चार कसोट्या खेळला आणि वर्णभेदामुळे संघावर बहिष्कार पडल्याने तिथेच संपला. दक्षिण आफ्रिका १९९१च्या नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर परतली, तोवर त्याचं वय उलटून गेलं होतं. तरीही तो बहिष्कार मला पटतो. तो संघ रंग बघून निवडला जायचा, त्याचं मैदानात उतरणं हेच ते धोरण मिरवणं होतं. भाषाशास्त्र शिकवणाऱ्या बाईचं तसं नसतं.

बाई असं मुद्दाम म्हणते. भाषांतर हा माझ्या पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे २००२ मधलं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. मँचेस्टरच्या प्राध्यापक मोना बेकर यांनी आपल्या भाषांतर-अभ्यासाच्या नियतकालिकांच्या मंडळांवरून गिडियन तुरी आणि मिरियम श्लेसिंगर या दोघांना काढलं, ते इस्रायली विद्यापीठांत शिकवतात म्हणून. श्लेसिंगरबाई ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या इस्रायली शाखेच्या अध्यक्ष राहिलेल्या. म्हणजे स्वतःच्या सरकारच्या नजरेत खुपणाऱ्या. बेकर यांचं म्हणणं असं की बहिष्कार संस्थांवर आहे, व्यक्तींवर नाही. पुढे २००४-०५ मध्ये उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी बहिष्कार मोहिमेचंही म्हणणं तेच. कागदावर ठीक आहे. पण संपादक मंडळावर संस्था बसलेली नव्हती, दोन माणसं बसली होती. ब्रिटनमधल्या प्राध्यापकांच्या एका संघटनेने एप्रिल २००५ मध्ये हैफा आणि बार-इलान विद्यापीठांवर बहिष्कार घातला आणि महिनाभरात तो मागेही घेतला.

लेखात एक वाक्य होतं, ‘ज्या विद्यापीठांचे हात रक्ताने माखले आहेत’. मी समासात लिहिलं, कोणाचे हात? सरांना उद्या फोन करायचं ठरवून पान बाजूला ठेवलं.

दहानंतर फ्लॅश आला. गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयावर हल्ला. हे अँग्लिकन चर्चचं जुनं रुग्णालय, आवारात शेकडो बेघर लोक आसऱ्याला आलेले. थोड्या वेळात आकडा आला, ५००. स्रोत गाझाचं आरोग्य मंत्रालय. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती पावणेअकराला सुटते. न्यायालयाच्या बातमीचे दोन कॉलम कापले, ऑपरेटर खुर्चीत ताठ बसला आणि मी हेडिंग सांगितलं, ‘इस्रायलच्या हल्ल्यात रुग्णालयातील ५०० ठार’. ‘मंत्रालयाचा दावा’ हे शब्द चार कॉलमांत मावेनात. ते बातमीच्या सातव्या ओळीत गेले.

शेजारची प्रशिक्षणार्थी मुलगी म्हणाली, “मॅडम, कोणी केलं ते नक्की झालंय?”

“आरोग्य मंत्रालय सांगतंय.”

“पण तिथे सत्ता हमासचीच ना?”

“अगं, पान सोडायचंय.”

पान सुटलं. काही वेळाने इस्रायलचं म्हणणं आलं, की आमचा हल्ला नव्हे, इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाचं रॉकेट भरकटून पडलं. डेस्कवर एकानेही होकारार्थी मान हलवली नाही. त्यालाही कारण होतं. मे २०२२ मध्ये जेनिनला अल जझीराच्या पत्रकार शिरीन अबू अकले गोळी लागून गेल्या, तेव्हाही आधी बोट पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांकडे दाखवलं गेलं. सप्टेंबरात इस्रायली लष्कराने मान्य केलं, की गोळी बहुधा आपल्याच सैनिकाची. शिवाय युद्ध सुरू झाल्यापासून बाहेरच्या पत्रकारांना त्यांनी स्वतंत्रपणे गाझात जाऊच दिलं नव्हतं. दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांच्यावर ओरडायचं, हे मला आजही मान्य नाही.

तरी शहर आवृत्तीला हेडिंग बदललं. ‘गाझात रुग्णालयात भीषण स्फोट, शेकडो ठार’, आणि शोल्डरला, म्हणजे हेडिंगलगतच्या लहान ओळीत, दोन्ही बाजू. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. ही सोय पावणेअकरालाही होती. तोवर तिकडे धरमशालेत आफ्रिका हरली होती आणि क्रीडावाले स्वतःचं पान मोडून पुन्हा लावत होते, त्यामुळे आमच्या गडबडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला ऑफिसात पाय ठेवला तेव्हा फोन वाजतच होता. अलिबागकडचे एक काका. आवाज म्हातारा, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेले. बहिणीचं कुटुंब अश्दोदला.

“बाई, तुमच्या हेडिंगात कर्ता कोणता?”

मी गप्प.

“इस्रायल. बरं. आता ८ तारखेचा अंक काढा. ‘शेकडो नागरिक मृत्युमुखी’ असं आहे. तिथे कर्ता कुठे गेला? बस दरीत कोसळली होती का?”

मी अंक काढला. हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्याची ती बातमी, हेडिंग माझंच होतं. हमासचं नाव खाली मजकुरात होतं, पहिल्याच ओळीत, पण हेडिंगात नव्हतं. मी ते द्वेषाने गाळलं नव्हतं आणि कालचं द्वेषाने घातलं नव्हतं. दोन्ही वेळा घाई होती आणि दोन्ही वेळा घाईने एकाच दिशेला ढकललं होतं. पक्षपात म्हणजे कोणीतरी मालकाच्या केबिनमधून फोन करून सांगतो, असं लोकांना वाटतं. मला त्या रात्री कोणाचाही फोन आला नव्हता.

“तिथली पोरं मेली त्याचं दुःख मला नाही असं समजू नका,” काका म्हणाले. “कोणी मारली ते कळल्यावर लिहा, एवढंच.”

फोन ठेवते तोच दुसरा, शहरातला. “रात्रीत घाबरलात का हो? ऑनलाइन इस्रायलचं नाव होतं, सकाळच्या अंकात गायब! दिल्लीहून दट्ट्या आला वाटतं.” यांना काय सांगणार?

पुढे अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० मृतांचा आला, मंत्रालयाचा आकडा ४७१वर थांबला. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने नोव्हेंबरअखेरीस सांगितलं, की स्फोट पॅलेस्टिनी गट वापरतात तशा रॉकेटचा असावा, पण पूर्ण चौकशी व्हायला हवी. न्यूयॉर्क टाइम्सने २३ ऑक्टोबरलाच संपादकीय टीप छापली, की आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो. आमच्याकडे हेडिंगबद्दल खुलासा छापायची पद्धत नाही. मी विचारलं. “कोण लक्षात ठेवतंय?” असं उत्तर आलं.

वाचकांचे ते दोन फोन आले त्याच संध्याकाळी प्राध्यापकांना फोन लावला. “सर, ‘हात रक्ताने माखले आहेत’ या वाक्यात कोणाचे हात? विद्यापीठाचे म्हणजे नेमके कोणाचे? तिथे सरकारविरुद्ध सही करणारेही आहेत, अरब विद्यार्थीही आहेत.”

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मुद्दा बरोबर आहे तुमचा. नाव घेण्याआधी खात्री हवी.” मग जरा थांबून म्हणाले, “मी तालुक्याच्या गावी राहतो. माझ्याकडे डाक आवृत्ती येते.”

लेख शुक्रवारी लागला, नऊशे शब्दांत. ते वाक्य त्यांनी बदललं नाही, मीही काढलं नाही.