कूपे मिळाला तर गणपतीला टिप्यासुद्धा

आमचं निवृत्तीनंतरचं वर्ष टिप्याच्या सोयीने आखलं जातं. टिप्या म्हणजे आमचा देशी कुत्रा, वजन अठरा किलो. दिवाळीत लेकीकडे बंगळूरला गेलो तेव्हा तो शेजारच्या वहिनींकडे राहिला. थंडीत ज्येष्ठ नागरिक संघाची अक्कलकोट-गाणगापूर सहल झाली, मे महिन्यात नातवंडांनी घर डोक्यावर घेतलं. गणपतीला कोकणात गावी जातो तेव्हा मात्र त्याला मागे ठेवताच येत नाही. वहिनी स्वतःच गावाला निघालेल्या असतात आणि कुत्र्यांची पाळणाघरं त्या दिवसांत भरलेली असतात. विमानाचा प्रश्नच नाही, कारण ज्या कंपन्या केबिनमध्ये प्राणी घेतात त्यांची मर्यादा पिंजऱ्यासकट दहा किलोच्या आतबाहेर असते. गाडीने घाट लागला की टिप्या ओकतो, आणि गणपतीच्या आदल्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर किती तास अडकू याचा नेम नसतो. म्हणून कोकणकन्या एक्स्प्रेस. सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, सकाळी कुडाळ.

रेल्वेत कुत्रा दोनच ठिकाणी जाऊ शकतो: फर्स्ट एसीमध्ये आपल्याबरोबर, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत. टू टायर, थ्री टायर, चेअर कार, स्लीपर यांत परवानगी नाही, मग कुत्रा कितीही शांत असो. ती पेटी आम्हाला मान्य नाही. अंधार, खडखडाट, उकाडा, आणि पाणी द्यायचं तर गाडी थांबल्यावर फलाटावरून शेवटच्या डब्यापर्यंत धावत जायचं. साठीनंतर ते जमत नाही, आणि जमलं तरी कुत्र्याने रात्रभर ते का सोसावं?

राहिला फर्स्ट एसी. तिथेही आख्खा कप्पा आपला असावा लागतो, म्हणजे दोघांसाठी दोन बर्थचा कूपे किंवा चारही तिकिटं काढून चार बर्थची केबिन. अडचण अशी की तिकीट काढताना कूपे निवडता येत नाही. तिकिटावर फक्त ‘कन्फर्म’ येतं, कूपे की केबिन ते चार्ट लागल्यावर कळतं. म्हणून दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढायचं, तिसरं नाव त्यात घालायचं नाही. आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 पूर्वी एकशेवीस दिवस होतं). गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, तेव्हा प्रवाशांची नावं आधीच यादीत साठवून ठेवावीत. वेटिंगचं तिकीट हातात असताना कुत्र्याची तयारी सुरू करू नये.

तिकीट कन्फर्म झालं की अर्ज करायचा. गाडी जिथून सुटते तिथल्या विभागीय कार्यालयाच्या वाणिज्य शाखेला साध्या कागदावर लिहायचं: पीएनआर, गाडी क्रमांक, तारीख, दोघांची नावं आणि वयं, सोबत पाळीव कुत्रा आहे, कूपे मिळावा. तिकिटाची आणि लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत जोडायची आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायचा. अर्ज फार आधी दिला तर तो फायलीत हरवतो, अगदी आदल्या दिवशी दिला तर वरपर्यंत पोचत नाही. तीन-चार दिवस आधी देऊन आदल्या दिवशी फोन करणं बरं. व्हीआयपी कोटा लागला तर एवढं करूनही कूपे जातो. तसं झालं तर केबिनमधल्या सहप्रवाशांच्या संमतीवर सगळं येतं. त्यांनी हरकत घेतली की कुत्रा गार्डच्या डब्यात, आणि पैसेही परत मिळत नाहीत. हा नियम आम्हाला फार टोचतो. ऑनलाइन तिकिटात ‘पाळीव प्राणी सोबत’ असा एक रकाना असता आणि त्यावरून कूपे देता आला असता, तर कित्येक म्हाताऱ्या जोडप्यांचा जीव असा टांगणीला लागला नसता.

निघायच्या दिवशी गाडीच्या तीनेक तास आधी कुत्र्यासकट पार्सल ऑफिस गाठायचं. तिकीट आणि ओळखपत्राच्या प्रती, रेबीजच्या लसीची नोंद आणि पशुवैद्याचा ताजा दाखला (चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आतला, जात, रंग, लिंग, वय आणि ‘प्रवासास योग्य’ असा शेरा असलेला) हे सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवावं. कुत्र्याच्या भाड्याची पावती फाडून घ्यायचीच. पावतीशिवाय कुत्रा सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते. गाडीत चढायचं ते सुरुवातीच्या स्टेशनवरच. दादर-ठाण्याला त्या गर्दीत दोन-तीन मिनिटांत सामान, कुत्रा आणि दुखरे गुडघे असं सगळं वर चढवणं धोक्याचं आहे.

कोरडं खाणं निघण्याच्या सहा तास आधी. नंतर फक्त पाणी, तेही थोडं थोडं. स्टेशनबाहेर चांगलं अर्धा तास फिरवून आणायचं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, त्यामुळे रात्र लांबते. ते धरूनच संध्याकाळचं पाणी बेतायचं. कूपेत खाली जुनी सतरंजी, तिच्यावर पी-पॅड (लघवी शोषणारी घडी), आणि त्याच्या अंथरुणातली एक न धुतलेली चादर. ओळखीच्या वासाने तो निवांत पडतो. एसी तेवीस-चोवीसच्या खाली नको म्हणून अटेंडंटला आधीच सांगायचं. साखळी दाराच्या कडीला कधीच बांधू नये, दार सरकलं की गळ्याला हिसका बसतो.

गावच्या तयारीला जुलैतच लागावं. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार असतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी कुत्रा डबक्यात पितो. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. गोचिडांसाठी औषध निघण्याआधीच द्यावं, आणि तरीही रोज संध्याकाळी कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवावा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये, त्याने ती उलट आतला मळ कुत्र्याच्या रक्तात सोडते. तिसरी भीती फुरशाची, म्हणजे छोट्या विषारी सापाची. चिऱ्याच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) कुत्री नाक खुपसतात आणि तिथेच ते वेटोळं घालून असतं. अंधार पडल्यावर साखळीशिवाय बाहेर नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे का, हे पोचल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवावं. दंश झालाच तर आवळून बांधू नये, कापू नये, चालवू नये, उचलून न्यावं.

या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त धास्ती वाटते ती पंचखाद्याची. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. यातली खिसमिस कुत्र्याला विषारी आहे. मनुका आणि द्राक्षं दोन्ही वाईट, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभराने काही होत नाही, दुसऱ्याला थोडीशीही पुरते. आरती संपते, प्रसाद वाटला जातो, पोरं पळत सुटतात आणि ओटीभर दाणे सांडतात. आमच्या वाडीत आरत्या घरोघर फिरतात, मृदंग-झांजांसकट रोज तीस-चाळीस माणसं येतात, आणि प्रत्येकाला कुत्र्याला काहीतरी भरवायचं असतं, मायेनेच. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. म्हणून दाराशी उकडलेल्या रताळ्याच्या फोडींचा डबा ठेवला आणि वाडीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा ताबा दिला. टिप्याला द्यायचं ते तिच्या हातून, त्या डब्यातलं, एकावेळी एकच फोड. तिने ते काम इतक्या काटेकोरपणे केलं की भजनी मंडळाच्या बुवांनाही दुसरी फोड मिळाली नाही. आरती झाली की ओटी आधी झाडायची आणि मगच टिप्याला बाहेर सोडायचं, हेही तिनेच लक्षात ठेवलं. कुत्र्याने खिसमिस खाल्लीच तर लक्षणांची वाट बघू नये, लगेच डॉक्टर. गौरीच्या दिवशी वडे-सागोती असतं, तेव्हा हाडांचं ताट त्याच्या तोंडापासून लांब. शिजलेली हाडं टोकदार फुटून आतड्यात रुततात, आणि रश्शातला कांदा-लसूण रक्ताला वाईट.

फटाक्यांच्या वेळी मागची खोली, खिडकीला गोधडी, पंखा पूर्ण वेगात, आणि दोघांपैकी एकाने आत बसायचं. झोपेची गोळी पशुवैद्याने दिली तरच, आणि ती मुंबईत असतानाच एकदा देऊन बघावी. माणसांच्या तापाच्या नि दुखण्याच्या गोळ्या अजिबात नकोत.

विसर्जनानंतर दोन दिवस किनाऱ्यावर राहिलो. जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ लिहिलं होतं. पोचल्यावर कुत्र्याची जागा जनरेटरच्या शेडमध्ये निघाली, आणि त्या शेडचंही वेगळं भाडं. पैसे सोडून दिले आणि रात्री गावी परतलो. आता बुकिंगआधी फोनवर पाच गोष्टी विचारतो. कुत्रा रात्री आमच्याच खोलीत झोपेल का? आवाराला कुंपण आहे का? तिथला स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का? बिनमिठाचा भात शिजवून मिळेल का? साफसफाईचे जादा पैसे किती? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवतो. जे लिहून द्यायला टाळतात, त्यांच्याकडे जात नाही.

परतीची गाडी मडगावहून सुटते, म्हणून परतीच्या कूपेचा अर्ज वेगळा करावा लागतो, मुंबईतला अर्ज तिथे चालत नाही. आपल्या स्टेशनवर कुत्र्याची पावती फाडतात का, हे गावी उतरल्या सकाळीच स्टेशन मास्तरांना विचारावं. मधल्या लहान स्टेशनांवर पार्सलची सोय असेलच असं नाही, मग पावतीसाठी मोठं स्टेशन गाठून तिथूनच चढावं लागतं आणि तिकिटावर चढण्याचं स्टेशन वेळेत बदलून घ्यावं लागतं. पशुवैद्याचा दाखलाही परतीसाठी नवा लागतो. तालुक्याचा दवाखाना सणाच्या सुट्टीत कोणत्या दिवशी उघडा आहे, ते बघूनच परतीची तारीख ठरवावी.