तो पस्तिसावा आला तीच शर्यत का सांगता?

आमच्या ट्रायथलॉनच्या (म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग) ग्रुपमध्ये नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "सर, त्या यान फ्रोडेनोनं एवढं काय काय जिंकलंय, आणि तुम्ही दर वेळी तो पस्तिसावा आला तीच शर्यत का सांगता?" परवा पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पुढच्यांना हेच वाचायला द्या.

जिंकलेलं आधी उरकून घेऊ. जन्म 1981 चा, जर्मनीतल्या कोलोनचा. लहानपणीच कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेल्यामुळे वाढला केपटाउनकडे, आणि या खेळात आला पोहण्यातून. उंची 6 फूट 4 इंच. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याला कोणी धरलंच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा स्पेनच्या हावियेर गोमेझवर. शेवटच्या काही मीटरमध्ये फ्रोडेनोनं कॅनडाच्या सायमन व्हिटफिल्डला मागं टाकलं. हा व्हिटफिल्ड म्हणजे सिडनी ऑलिंपिकचा विजेता, साधा गडी नव्हे. फरक 5 सेकंदांचा. गोमेझ चौथा. (आदल्या दिवशी महिलांचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या एमा स्नोसिलनं घेतलं होतं. तो दिवस नेमका फ्रोडेनोच्या वाढदिवसाचा, आणि पुढे ती त्याची बायको झाली. सिनेमात दाखवलं असतं तर आपण हसलो असतो.)

मग तो लांब अंतराकडे वळला. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, त्यावर पूर्ण मॅरेथॉन. हवाईतल्या कोना इथं आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा भरते. तिथं 2014 ला तिसरा, 2015 ला पहिला, 2016 ला पुन्हा पहिला. ऑलिंपिक सुवर्ण आणि कोनाचं विजेतेपद हे दोन्ही मिळवणारा तो पहिला पुरुष. 2016 च्याच जुलैमध्ये बव्हेरियातल्या रोथ इथं त्यानं 7 तास 35 मिनिटं 39 सेकंदांत पूर्ण अंतर संपवलं. तोवर कुणीही एवढं लवकर संपवलेलं नव्हतं. रोथ एवढंसं गाव, पण शर्यतीच्या दिवशी चढावर सायकलवाल्याला जेमतेम हँडल निघेल एवढीच वाट उरते. 2014 ते 2019 अशी सहा वर्षं कोनाला पुरुषांत जर्मनच जिंकले, त्यामागं ही गर्दीही आहे असं माझं मत.

आता 2017. तारीख 14 ऑक्टोबर. आपल्याकडे रात्री दहाला शर्यत सुरू झाली, आणि संपेपर्यंत दिवाळीआधीचा रविवार उजाडला होता. फोनवर अडकत अडकत दिसत होतं. पोहणं झालं, सायकल झाली, तोवर तो शर्यतीत होता. पळायला लागल्यावर थोड्याच अंतरात पाठ धरली. थांबायचा, वाकायचा, पाठ ताणून बघायचा, चार पावलं पळायचा, परत चालायला लागायचा. मॅरेथॉनला चार तासांच्या आसपास लागले. एकूण 9 तास 15 मिनिटं 44 सेकंद, नंबर पस्तिसावा. त्याच दिवशी महिलांत पहिली आलेल्या डॅनिएला रिफचं टायमिंग होतं 8:50:47. पुरुषांत जिंकला त्याच्याच देशाचा पाट्रिक लांगं, 8:01:40 असा नवा विक्रम करून.

यात खास काय, तर हिशेब बघा. व्यावसायिक खेळाडूला महिन्याचा पगार नसतो. स्पॉन्सर आणि बक्षिसाची रक्कम, यावर घर चालतं. तेव्हा कोनाला रक्कम मिळायची पहिल्या दहांना. अकराव्याला काही नाही, पस्तिसाव्याला तर नाहीच. पूर्ण अंतर केल्यावर शरीर भरून यायला आठवडे जातात, म्हणून ही मंडळी वर्षाला अशा दोन-तीनच शर्यती करतात. त्यामुळे दहाच्या बाहेर गेलेला व्यावसायिक बऱ्याचदा सरळ डीएनएफ घेतो, म्हणजे शर्यत अर्धवट सोडतो, आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. पोटापाण्याचा शहाणपणा आहे तो.

फ्रोडेनोला तर शर्यत सोडायला पाठीचं खरं कारण होतं. पण कमरेच्या पट्ट्यावर 1 नंबर होता, आदल्या वर्षीच्या विजेत्याचा. समोरून हौशी लोक येत होते. त्यांना सतरा तासांची मुदत, आणि त्या दिवसासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पहाटे उठून सराव केलेला. त्यांच्यादेखत तो 1 नंबर लावून रस्त्याच्या कडेनं चालत राहिला. जिंकताना दिसण्यापेक्षा हे अवघड असावं. व्हॉट्सअॅपवर सकाळी सकाळी येतात त्या जिद्दीच्या गोष्टींतली ही नव्हे. मी तिच्याकडे देणं चुकतं करणं म्हणून बघतो.

आणि आता तिचा दुसरा अर्धा भाग, जो तुम्ही कधी विचारतच नाही. 2018 ला हा माणूस भलत्याच जोरात होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत, म्हणजे जिथं वाढला त्या देशात, अर्ध्या अंतराच्या जागतिक स्पर्धेत त्यानं दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला ब्रिटनचा अ‍ॅलिस्टर ब्राउनली आणि गोमेझ या दोघांना हरवलं. त्यानंतर कंबरेच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, आणि कोना महिन्यावर आलेलं असताना त्यानं नाव मागं घेतलं. आदल्या वर्षी चालत शेवट गाठणारा हाच माणूस! पाठ धरली होती तिथं दुखणं सोसलं, हाड चिरलं होतं तिथं सुरुवातच केली नाही. मला हे दोन्ही निर्णय एकाच डोक्यातून आलेले दिसतात, म्हणून मी एक सांगितला की दुसरा सांगायला बघतो. पण तोवर तुमचा चहा संपलेला असतो.

2019 ला तो परत आला आणि 7:51:13 असा कोनाचा विक्रम करून तिसऱ्यांदा जिंकला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये स्पेनमधल्या जिरोनाच्या घरातच त्यानं पूर्ण अंतर केलं आणि मदतनिधी उभा केला. 2021 ला जर्मनीतल्या आल्गॉयमध्ये कॅनडाच्या लायनेल सँडर्सबरोबर दोघांचीच शर्यत लावून 7:27:53. मग टाचेच्या अ‍ॅकिलिस शिरेचं दुखणं, आणि 2023 ला फ्रान्समधल्या नीसमध्ये (पुरुषांची स्पर्धा त्या वर्षी कोनाऐवजी तिथं झाली), बेचाळिसाव्या वर्षी, शेवटची जागतिक स्पर्धा. नंबर चोविसावा. तीही पूर्ण केली.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: "मग गोव्याच्या ट्रायथलॉन शर्यतीत पाठ धरली तर आम्हीही चालत राहायचं का?" अजिबात नाही. तुमच्या पट्ट्यावर 1 नंबर नाही आणि सोमवारी ऑफिस आहे. नुसतं आखडलं असेल तर पाण्याच्या स्टॉलवर थांबा, मीठ-पाणी घ्या, जमलं तर पुढे निघा. कळ पायात उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, तर तिथंच बसा, व्हॉलंटिअरला सांगा आणि गाडीची वाट बघा. पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप परत द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर घरचे तुम्हाला संध्याकाळपर्यंत मिरामारच्या किनाऱ्यावर शोधत बसतील.